लेकराच्या पोटातली गाठ आणि रक्ताचा रिपोर्ट

‘ताई, इतक्या नळ्या भरून रगत घेतलं, तरी त्यात गाठीचं काहीच कसं निघंना?’ चार वर्षांपूर्वी, पोळ्याच्या आदल्या आठवड्यात, सेलूजवळच्या एका गावातील शेतकऱ्याने मला हा प्रश्न विचारला. त्याच्या कडेवर साडेतीन वर्षांची मुलगी होती. तिला न्हाऊ घालताना आजीच्या हाताला डाव्या बरगडीखाली काहीतरी टणक लागले होते. मुलगी खेळत होती, जेवत होती, तिला तापही नव्हता. मी त्याला म्हणाले, ‘दादा, ते डॉक्टर सांगतील.’ माझे उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते, आणि त्याची बोचणी माझ्या मनातून गेलेली नाही.

मी डॉक्टर नाही. डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाची पदविका, करून २१ वर्षे रक्त-लघवीच्या तपासण्या करते, त्यामुळे नळीत काय दिसते आणि काय दिसत नाही हे मला जवळून ठाऊक आहे. त्या मुलीनंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले, आमच्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांना पुनःपुन्हा विचारत गेले, आणि त्या वडिलांना तेव्हा जे सांगायला हवे होते ते आज येथे लिहीत आहे.

आधी घडले ते सांगते. आजीने गाठ दाखवल्यावर घरातील मोठ्यांनी ती पानथरी (प्लीहा) ठरवली. आपल्या भागात लेकराच्या डाव्या कुशीत काही टणक लागले की पानथरी वाढली असे म्हणण्याची जुनी पद्धत आहे, आणि हिवतापाच्या काळात ते पुष्कळदा खरेही असे. जंताचे औषध देऊन झाले. मग येथील बालरोगतज्ज्ञांनी पोट तपासून सोनोग्राफी लिहून दिली. पण त्याच सुमारास एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून घरच्यांनी शहरातील एका लॅबमध्ये ‘कॅन्सर पॅकेज’ करून घेतले. त्या रिपोर्टमध्ये सीईए, सीए १९-९, सीए १२५ अशी नावे होती आणि प्रत्येकापुढे आकडा मर्यादेत असल्याची नोंद होती. घरच्यांनी तो कागद देवघरात ठेवला आणि सोनोग्राफी पुढे ढकलली. गाठ वाढते आहे हे पुन्हा आजीच्याच लक्षात आले, तोवर सोळा दिवस गेले होते. सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडातून निघालेली नऊ सेंटीमीटरची गाठ दिसली.

त्या सोळा दिवसांमुळे आजाराचा टप्पा बदलला असे मी म्हणणार नाही, कारण ते कोणालाच सिद्ध करता येणार नाही. मात्र त्या पॅकेजमधील एकही तपासणी साडेतीन वर्षांच्या मुलीच्या पोटातील गाठीसाठी नव्हती, हे मी खात्रीने सांगते. सीईए प्रामुख्याने मोठ्या आतड्याच्या, सीए १९-९ स्वादुपिंडाच्या आणि सीए १२५ अंडाशयाच्या कॅन्सरसाठी, आणि तेही मोठ्या माणसांत, मुख्यतः निदान झाल्यानंतर उपचार लागू पडतो आहे का हे पाहण्यासाठी वापरले जाते. अशा रिपोर्टवरील ‘नॉर्मल’ हा शब्द वाचून एखादे कुटुंब निर्धास्त झोपत असेल, तर त्या कागदाने केवळ पैसे घेतले असे म्हणून भागत नाही. त्याने लेकराचा वेळही घेतला.

लहान मुलांच्या मूत्रपिंडात होणाऱ्या कॅन्सरपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास गाठी विल्म्स ट्यूमर या प्रकारच्या असतात. माक्स विल्म्स या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९९ साली या गाठींचे सविस्तर वर्णन केले, म्हणून हे नाव पडले. साधारण दहा हजारांत एका मुलाला हा आजार होतो आणि बहुतेक मुले पाच वर्षांच्या आतील असतात. बाळ आईच्या पोटात असताना ज्या कोवळ्या पेशींपासून मूत्रपिंड घडते, त्या पेशी जन्माच्या आधीच आपले काम संपवून नाहीशा व्हायला हव्यात. काही मुलांत त्यांचे पुंजके मागे राहतात आणि त्यांतील एखाद्यापासून पुढे गाठ तयार होऊ शकते. आईवडिलांच्या खाण्यापिण्याने किंवा कोणाच्या नजरेने हे घडत नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या मुलीची आई महिनाभर स्वतःलाच दोष देत होती.

आता रक्ताकडे येते. आमच्याकडे त्या मुलीचे हिमोग्लोबिन थोडे कमी आले, क्रिएटिनिन अगदी बरोबर आले आणि लघवीत मोजक्या तांबड्या पेशी दिसल्या. किडनीत एवढी मोठी गाठ असून क्रिएटिनिन नॉर्मल कसे, असे पुष्कळांना वाटते. क्रिएटिनिन हे दोन्ही मूत्रपिंडांच्या एकत्रित कामाचे माप आहे. एक बैल थकला तरी दुसरा जू ओढत असेल, तर गाडी चालताना दिसते. तसेच उजवे मूत्रपिंड निरोगी असेल तर आकडा हलत नाही. लघवीतील रक्तही साधारण चौघांपैकी एका मुलातच दिसते. म्हणून रक्त आणि लघवी दोन्ही चांगले आले, तरी त्याचा अर्थ गाठ नाही असा कधीही होत नाही.

विल्म्स ट्यूमर आहे की नाही हे सांगणारी, डॉक्टरांनी भरवसा ठेवावा अशी रक्ताची तपासणी आजच्या घडीला रोजच्या वापरात नाही. यकृताच्या बालपणीच्या कॅन्सरची खूण म्हणून एएफपी हे रक्तातील प्रथिन आहे. मूत्रपिंडाच्या अगदी वर, अधिवृक्क ग्रंथीत होणाऱ्या न्यूरोब्लास्टोमा या गाठीला लघवीतील व्हीएमए आणि एचव्हीए ही रसायने आहेत. मूत्रपिंडाच्या गाठीजवळ असे काही नाही. तरीही गाठ सापडल्यावर डॉक्टर वर सांगितलेल्या या तपासण्या करायला सांगू शकतात, आणि त्यामागे कारण आहे. पोटातील गाठ मूत्रपिंडातून निघाली आहे की शेजारून येऊन त्याला ढकलते आहे, हे चित्रात कधी कधी स्पष्ट होत नाही; अशा वेळी व्हीएमए वाढलेले असेल तर विचार न्यूरोब्लास्टोमाकडे वळतो. एएफपीबद्दल एक गोष्ट माझ्या व्यवसायातील बंधुभगिनींसाठी लिहिते. नवजात बाळाचे एएफपी निसर्गतःच हजारोंच्या घरात असते आणि ते मोठ्यांच्या पातळीवर यायला जवळजवळ वर्ष लागते. चार महिन्यांच्या बाळाच्या रिपोर्टवर मोठ्या माणसांची मर्यादा छापून आकडा ठळक अक्षरांत देणे म्हणजे आईला विनाकारण रडवणे आहे. वयानुसार मर्यादा छापा, नाहीतर निदान तशी टीप लिहा.

रक्त निदान करत नसले तरी ते मुके नसते. विल्म्स ट्यूमर असलेल्या शंभरांतील चार ते आठ मुलांच्या रक्तात, गुठळी धरायला लागणारा व्हॉन विलेब्रँड घटक कमी पडतो. हा दोष जन्मजात नसतो. गाठीमुळे येतो आणि उपचारांनंतर जातो. शस्त्रक्रियेच्या आधी तो लक्षात आला तर टेबलावरचा रक्तस्राव टाळण्याची तयारी करता येते. काही मुलांत रेनिन हे मूत्रपिंडात तयार होणारे द्रव्य वाढून रक्तदाब चढतो. त्यासाठी तर सुईचीही गरज नाही, लहान मुलाच्या दंडाला बसेल असा पट्टा पुरतो. पण आपल्याकडील किती दवाखान्यांत तो असतो हे ज्याने त्याने आठवून पाहावे. अगदी तान्ह्या बाळाच्या मूत्रपिंडात गाठ असून रक्तातील कॅल्शियम वाढलेले असेल, तर डॉक्टरांच्या मनात विल्म्सऐवजी ऱ्हॅब्डॉइड ट्यूमर किंवा जन्मजात मेसोब्लास्टिक नेफ्रोमा या गाठींचा संशय येतो. साध्या कॅल्शियमचा आकडा इतके सांगू शकतो हे मला आधी माहीत नव्हते.

हा फरक महत्त्वाचा का, ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण रक्तातील खुणेची खरी गरज येथेच आहे. या गाठींवर उपचार करण्याच्या दोन परंपरा आहेत. अमेरिकेत शक्य असेल तेथे आधी मूत्रपिंड काढतात आणि मग औषधे देतात. युरोपात रुळलेल्या, सिओप या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पद्धतीत आधी काही आठवडे व्हिन्क्रिस्टिन आणि ॲक्टिनोमायसिन ही औषधे देऊन गाठ आक्रसवतात आणि मग शस्त्रक्रिया करतात. आपल्याकडे मुले पोहोचतात तोवर गाठी मोठ्या झालेल्या असतात, म्हणून अनेक ठिकाणी दुसरा मार्ग धरला जातो. या मार्गावर पहिली औषधे पुष्कळदा केवळ स्कॅनच्या भरवशावर सुरू होतात. गाठीला सुई टोचून तुकडा काढावा, तर आतील पेशी पोटात सांडण्याची थोडी का होईना धास्ती असते. न काढावा, तर मोजक्या मुलांत गाठ विल्म्सची नसून भलत्याच प्रकारची निघते. क्लिअर सेल सार्कोमा हाडांत आणि मेंदूत पसरू शकतो. ऱ्हॅब्डॉइड ट्यूमर दोन वर्षांच्या आतील बाळांना गाठतो आणि फार आक्रमक असतो. दोन्हींची औषधे वेगळी आहेत. सुई गाठीत न खुपसता दंडातून दोन मिलीलीटर रक्त घेऊन ‘ही गाठ अमुक आहे’ असे सांगता आले, तर त्या पहिल्या दिवसाचे ओझे किती हलके होईल!

असे होऊ शकेल अशी आशा ज्यातून निर्माण झाली, ती गोष्ट म्हणजे रक्तद्रवात तरंगणारे डीएनएचे तुकडे. रक्तद्रवात पेशींबाहेरही डीएनए असतो, हे मांडेल आणि मेते या दोन शास्त्रज्ञांनी फ्रान्समध्ये १९४८ सालीच नोंदवले होते. पेशी मरताना आपल्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात सोडतात. गाठीतील पेशीही मरतात आणि त्यांच्या तुकड्यांवर गाठीचे दोष कोरलेले असतात. क्लिअर सेल सार्कोमाच्या बहुतेक गाठींत बीकॉर जनुकाचा एक भाग दुहेरी झालेला असतो; ऱ्हॅब्डॉइडमध्ये स्मार्क-बी-वन हे जनुक निकामी झालेले असते. म्हणजे या दोन गाठींना स्वतःची अशी ठळक खूण आहे, आणि ती रक्तात शोधणे तत्त्वतः शक्य आहे.

विल्म्सचे प्रकरण मात्र अवघड आहे. १९९० साली डब्ल्यूटी-वन जनुक सापडले तेव्हा कोडे सुटेल असे वाटले असावे, पण बहुसंख्य विल्म्स गाठींत ते जनुक शाबूतच असते. कोणत्या गाठीत बीटा-कॅटेनिनचे जनुक बिघडलेले, कोणत्या गाठीत सूक्ष्म आरएनए घडवणारे ड्रोशा. एका मुलाची गाठ दुसऱ्या मुलाच्या गाठीसारखी नाही. इतकेच नव्हे, तर एकाच गाठीच्या दोन कोपऱ्यांतही फरक असतो. पहिल्या गुणसूत्राच्या लांब भुजेची जादा प्रत सुमारे तीस टक्के गाठींत असते आणि अशा मुलांत आजार परत येण्याचा धोका जास्त असतो. पण ती प्रत गाठीच्या एका भागात असून दुसऱ्या भागात नसू शकते. तुकडा नेमका दुसऱ्या भागातून घेतला तर ती निसटते. रक्तात मात्र सगळ्या कोपऱ्यांतील तुकडे येऊन मिसळतात, जसे सगळ्या शिवारातील ओढ्यांचे पाणी दुधना नदीत येते. म्हणून काही बाबतींत रक्त हे गाठीच्या तुकड्यापेक्षाही जास्त सांगू शकेल, असे संशोधकांना वाटते.

अमेरिकेतील चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुप या मुलांच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या गटाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यातील विल्म्स ट्यूमरच्या ५० मुलांचे साठवून ठेवलेले नमुने तपासले. दहापैकी सुमारे आठ मुलांच्या सिरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात, गाठीचा डीएनए सापडला. लघवीत तो जेमतेम चौघांपैकी एकात सापडला. मूत्रपिंडाची गाठ, आणि लघवीपेक्षा रक्त अधिक बोलके, याचे मला नवल वाटले. मात्र ही सर्व मुले आजार पुढे गेलेली होती. लहान, मूत्रपिंडाच्या आतच असलेल्या गाठीला हे लागू होईल असे यावरून म्हणता येत नाही.

येथे माझ्या कामाचा भाग येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. हे तुकडे रक्तात तासा-दोन तासांतच निम्मे होतात. नमुना नळीत तसाच पडून राहिला तर पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या निरोगी डीएनएच्या पुरात गाठीचे तुकडे बुडून जातात. सिरमसाठी रक्त गोठू द्यावे लागते आणि गोठतानाही पांढऱ्या पेशी फुटतात, म्हणून या कामाला सिरमपेक्षा प्लाझ्मा, म्हणजे न गोठू दिलेल्या रक्तातील द्रव, बरा. जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलेले रक्त काही तासांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, वरचा प्लाझ्मा अलगद काढून, पुन्हा एकदा फिरवून, तातडीने गोठवावा लागतो. पेशी फुटू न देणारे रसायन असलेल्या खास नळ्या मिळतात, पण त्या महाग आहेत. आता आपल्याकडील मे महिना डोळ्यांपुढे आणा. पारा ४२ अंशांवर, सकाळी घेतलेला नमुना थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांसोबत दुपारपर्यंत थांबलेला, मग गाडीने शहरात आणि तेथून पुढे मुंबईला किंवा पुण्याला. साध्या पोटॅशियमचा आकडासुद्धा या प्रवासात बिघडतो. शिवाय दहा किलोच्या मुलाच्या अंगात सगळे मिळून पाऊण लिटरच्या आसपास रक्त असते. मोठ्या माणसासारख्या दहा-दहा मिलीलीटरच्या नळ्या भरणे त्याच्याबाबतीत योग्य नाही. तपासणी कितीही हुशार असली तरी ती थोड्या रक्तावर आणि लांबच्या रस्त्यावर टिकेल अशी व्हायला हवी. हे प्रयोगशाळेत बसून आखणी करणाऱ्यांपर्यंत पोहोचावे, असे मला मनापासून वाटते.

उद्या अशी तपासणी आलीच, तर गावोगावच्या सगळ्या मुलांची करावी का? या प्रश्नावर जपानचा अनुभव मला फार मोलाचा वाटतो. तेथे १९८० च्या दशकात सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासून न्यूरोब्लास्टोमा शोधण्याचा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. गाठी भरपूर सापडल्या, पण त्यांतील अनेक अशा होत्या की ज्या आपोआप विरल्या असत्या. खऱ्या घातक गाठींमुळे होणारे मृत्यू त्यामुळे कमी झाले का, याबद्दल एकमत झाले नाही. या शतकाच्या सुरुवातीला तो कार्यक्रम थांबवण्यात आला. आजार दहा हजारांत एकाला होत असेल आणि तपासणी शंभरांत एकदाच चुकत असेल, तरी एका खऱ्या रुग्णामागे शंभर निरोगी घरांत आकांत होईल. रक्ताची खूण हवी आहे ती गाठ सापडलेल्या मुलासाठी: गाठ कोणती, औषध लागू पडते आहे का, आणि उपचार संपल्यावर ती परत तर येत नाही ना, हे सांगण्यासाठी.

काही मुलांवर मात्र आधीपासून लक्ष ठेवावे लागते, आणि तेही रक्ताने नव्हे. ज्यांच्या डोळ्यांत जन्मतः बुबुळाचा रंगीत पडदा नसतो, किंवा ज्यांची जीभ मोठी असते, शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा वाढलेली असते, अशा काही मुलांत विल्म्स ट्यूमरची शक्यता जास्त असते. त्यांची दर तीन महिन्यांनी, साधारण सात वर्षांची होईपर्यंत, पोटाची सोनोग्राफी करतात. आशाताईंनी आणि अंगणवाडी ताईंनी असे मूल दिसल्यास ते बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे, ही विनंती.

आणि एक सूचना मी प्रत्येक वेळी करते. गाठ लागली की घरातील प्रत्येक जण, शेजारीपाजारी, पाहुणेरावळे लेकराचे पोट दाबून पाहतात. ते करू नका. गाठ आतल्या आत फुटू शकते आणि फुटली तर उपचार वाढतात. एकदा हाताला लागली, तेवढे पुरे. त्यानंतर हात नको, सोनोग्राफी हवी, आणि ती त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. सोनोग्राफी आज सेलूत होते, जिंतूरला होते, परभणीला तर होतेच.

त्या मुलीला वडील रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला घेऊन गेले. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार झाले आणि सहा महिन्यांचा मोठा भाग कुटुंबाने दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत काढला. आधी औषधे, मग डावे मूत्रपिंड काढण्याची शस्त्रक्रिया, मग पुन्हा औषधे. काढलेल्या गाठीची तपासणी झाली तेव्हाच ती विल्म्सची आहे हे पक्के झाले. तोवर सगळ्यांनीच स्कॅनवर विसंबून वाट पाहिली होती. प्रगत देशांत या आजाराची शंभरांतील नव्वद मुले बरी होतात, आणि आपल्याकडेही वेळेत पोहोचून उपचार पूर्ण करणाऱ्या मुलांची स्थिती निराशेची नाही. उपचार मध्येच न सोडणे हे त्यातील सर्वांत अवघड काम असते, कारण एकीकडे सोयाबीन काढणीला आलेले असते आणि दुसरीकडे केमोची तारीख.

मुलगी आता दुसरीत आहे. गेल्या महिन्यात क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने आणि रक्तदाब यांसाठी वडील तिला घेऊन आले होते. क्रिएटिनिन ०.५ आले, प्रथिने नव्हती. तिने स्वतःच दंड पुढे केला आणि सुई टोचताना माझ्याकडे न पाहता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिली. वडिलांनी पुन्हा विचारले, ‘ताई, अजून रगतात कळायची सोय झाली न्हाई का?’ या वेळी मी त्यांना बसवून घेतले आणि वर लिहिलेले सगळे सांगितले. अमेरिकेतील त्या पन्नास मुलांबद्दलही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले, सेंट्रिफ्यूजकडे बोट दाखवून हेच का ते फिरवायचे यंत्र, असे विचारले, आणि मी हो म्हणाले. पुढची सोनोग्राफी दिवाळीनंतर आहे. तिची तारीख मी त्यांच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दिली.